भाऊजींनी बंद केलेली गळती

काही माणसांना गाता येत नाही, म्हणून ती गात नाहीत. काहींना स्वयंपाक येत नाही, ती निमूटपणे आयतं जेवतात. दुरुस्ती हा एकच प्रांत असा आहे की जिथे 'येत नाही' ही गोष्ट आजवर कुणाच्या आड आलेली नाही. आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हे याचं चालतंबोलतं उदाहरण. चालतं थोडं, बोलतं फार.

भाऊजी पाणीपुरवठा खात्याच्या गळती विभागात होते. 'होते' एवढंच म्हणतो. 'काम करत होते' असं म्हणवत नाही, कारण लिहिताना माणसाने शक्यतो खरं लिहावं. नोकरीभर ते एका टेबलामागे बसले आणि टेबलापुढे येणाऱ्याला त्याच्या दारासमोर पाणी वाहत नाहीये हे पटवून देत राहिले. समजा एखादी बाई म्हणाली, "साहेब, खांबाजवळचा पाइप फुटलाय, मी डोळ्यांनी पाहिलं," तर भाऊजी चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "तुम्हाला तसं वाटतंय." मग कधी तरी माणसं जायची आणि खांबाजवळ न खणता जिथे डबकं साचलंय तिथे खणायची. विभागाचा तसा शिरस्ताच होता. जिथे ओलं, तिथे खणा. डबक्याखालचा धडधाकट पाइप बाहेर काढायचा, त्याला पट्टी मारायची, खड्डा बुजवायचा. दुसऱ्या दिवशी पाणी चार हात पलीकडे वाहायला लागलं की ती नवीन तक्रार. जुनी मिटलेली असायची. अशा रीतीने भाऊजींच्या हातून शहरातली प्रत्येक तक्रार मिटली आणि एकही गळती थांबली नाही.

"तक्रार करणाऱ्याला पाणी दिसतं," ते अजूनही बोट वर करून सांगतात, "गळती दिसत नाही. ती दिसायला नजर लागते."

ही नजर निवृत्तीनंतर पूर्ण वेळ घराकडे वळली. ताईच्या घरी आता न्हाणीघराचं दार उघडायचं तर आधी ते दोन्ही हातांनी किंचित उचलावं लागतं. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. पाहुणा हात धुवायला गेला की ताई बाहेरून ओरडते, "उलटा, उलटा फिरवा!" आणि पाहुणा बिचारा स्वतःच गोल फिरतो. दिवाणखान्यातला पंखा भाऊजींनी आवाज करतो म्हणून उतरवला आणि परत चढवला. आता आवाज अजिबात करत नाही, कारण तो फिरत नाही. भाऊजी त्याखाली बसून पेपर वाचतात आणि म्हणतात, "बघ, किती शांत."

ताई हे सगळं सहन करते. सहन करते म्हणजे काय, तिला वेळच नसतो. भाऊजी ऑफिसात बसून लोकांना परतवत होते त्या सगळ्या वर्षांत ताई मागच्या खोलीत शिवणयंत्रावर बसून पडदे शिवत होती. सुरुवातीला ओळखीपाळखीच्या घरांचे, मग दुकानांचे, दवाखान्यांचे. त्या खोलीत पाऊल टाकायचं तर तागे ओलांडावे लागतात, आणि बसायचं तर आधी खुर्चीवर टाचण्या आहेत का ते हात फिरवून बघावं लागतं. मापं ताईच्या डोक्यात असतात. एकदा खिडकी बघितली की ती विसरत नाही. भाऊजींच्या मते हा तिचा 'छंद' आहे. घर त्या छंदावर चालतं ही गोष्ट त्यांच्या नजरेला अजून दिसलेली नाही.

पडदे पोचवायला गाडी आहे. लांब डिकीची, मागचं दार वर उघडणारी, एके काळी निळी. मागची सीट पाडली की पडद्याची लांबलचक गुंडाळी आत सरळ झोपते, म्हणून ताईने ती गाडी पसंत केली. भाऊजींनी ती पसंत केली कारण विकणाऱ्याने त्यांना "साहेब, तुम्हाला गाडीतलं कळतं" असं सांगितलं. त्या माणसाला माणसातलं फार चांगलं कळत असावं.

पावसाळ्यात एकदा गाडीत कुबट वास यायला लागला. भाऊजींनी आरशाला सुगंधी पुडी टांगली. मग डिकीतला गालिचा ओला लागायला लागला. भाऊजींनी त्यावर वर्तमानपत्रं पसरली. मग एका कोपऱ्यात बारीक हिरवं काही तरी उगवलं. ते मात्र भाऊजींनी कौतुकाने मला बोलावून दाखवलं.

"मेहुणे, हे कशाचं रोप असेल हो?"

"भाऊजी, गाडीत पाणी येतंय."

"तुम्हाला तसं वाटतंय."

गोष्ट विनोदावर राहिली असती, पण त्याच सुमारास एका डॉक्टरांच्या दवाखान्याचे पडदे ताईने गाडीतून नेले आणि तिथे उलगडले तर मधोमध तपकिरी डाग. एखाद्या बेटाचा नकाशा काढावा तसा. डॉक्टर भला माणूस, हसून म्हणाला, "पेशंटला वाटेल आमच्याच कुणाचं काही तरी आहे." ताई हसली नाही. तिने ते पडदे परत आणले, नवं कापड घेतलं आणि पुन्हा शिवून दिले. भाऊजींना ती एवढंच म्हणाली, "अहो, मागच्या काचेचं बघा."

आता 'बघा' या शब्दाचा अर्थ आपल्याकडे 'कुणाला तरी दाखवा' असा होतो. भाऊजींनी तो शब्दशः घेतला. ते गाडीमागे खुर्ची टाकून बसले आणि काचेकडे बघत राहिले.

अशा जुन्या गाड्यांत मागची काच जाड काळ्या रबरात बसवलेली असते. त्या रबराला दोन्ही बाजूंनी खाच असते. एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत दाराच्या पत्र्याची कड. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते रबर आखडतं, कडक होतं आणि कोपऱ्यांत पत्रा सोडतं. पाणी तिथून शिरतं, रबराच्या आतून घरंगळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात बाहेर पडतं. हे मला आता माहीत आहे. भाऊजींना तेव्हाही माहीत नव्हतं आणि, त्यांच्या सुदैवाने, त्यांना ते माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

त्यांना दिसला डावीकडचा खालचा ओला कोपरा. जिथे ओलं, तिथे खणा!

ते बाजारातून सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची बंदूक घेऊन आले. काचेच्या खालच्या कडेला त्यांनी पांढऱ्या सिलिकॉनचा असा थर दिला की लांबून गाडी दात घासून फेस न धुता निघाल्यासारखी दिसायची. थोडं काचेवर पसरलं, ते त्यांनी पुसलं, त्यामुळे ते सगळ्या काचेवर पसरलं. मग एक मगभर पाणी खालच्या कडेवर ओतून त्यांनी ताईला हाक मारली.

"बघ. थेंब नाही."

"वरून ओता की."

"वरून कशाला? गळती खाली आहे."

पुढच्या पावसात डिकीत पूर्वीपेक्षा जास्त पाणी आलं. साहजिकच होतं. वरून आत शिरणाऱ्या पाण्याला खाली बाहेर पडायची थोडीफार वाट होती, तीही भाऊजींनी लिंपून टाकली होती. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. भाऊजींना शोध लागला. स्टेपनी ठेवायच्या खड्ड्याच्या तळाशी त्यांना बारीक भोकं सापडली.

"हे बघ!" ते जवळजवळ नाचले. "इथून रस्त्याचं पाणी वर चढतंय!"

ती भोकं गाडी बनवणाऱ्यांनी आत आलेलं पाणी निघून जावं म्हणून ठेवलेली असतात. भाऊजींनी उरलेली नळी त्यांत रिकामी केली. त्यानंतर आमच्या भाऊजींची गाडी ही शहरातली बहुधा एकमेव गाडी असेल की जिच्यात ब्रेक दाबला की मागून लाट येऊन सीटवर आपटायची. वळणावर पाणी एका बाजूला जायचं आणि गाडी त्याच्यामागे जाऊ की नको असा विचार करायची. मी एकदा बसलो होतो. सिग्नलला गाडी थांबली तरी आमचा प्रवास थोडा वेळ चालूच होता.

"भाऊजी, आवाज कसला?"

"पेट्रोल," ते म्हणाले. "टाकी फुल आहे."

आणि याच दिवसांत ताईला तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर मिळाली. एका शाळेच्या सभागृहाच्या रंगमंचाचा पडदा. गडद मरून मखमल, आतून अस्तर, वरून झालर. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई कडक होत्या. त्यांनी सांगून टाकलं होतं की शनिवारी सकाळी पडदा हवा, आणि तो मनासारखा निघाला तर त्यांच्याच संस्थेच्या बाकीच्या शाळांची सभागृहंही ताईकडेच. नाहीतर त्यांचा नेहमीचा माणूस आहेच. मखमलीवर पाण्याचा एक ओघळ गेला की ती तिथे कायमची बसते. किती घासा, वाफ द्या, ती उठत नाही. ताईने या वेळी बेटाचा नकाशा नेला असता तर पुन्हा शिवून द्यायची संधीही मिळाली नसती.

"मी टेम्पो सांगते," ताई म्हणाली.

भाऊजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. "घरात गाडी असताना? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील पडदा कोरडा आहे."

"टेम्पोवाले ताडपत्री टाकतात, तिलाही भोकं असतात. मी सांगतो, रविवारी शास्त्रशुद्ध तपासणी करू. मेहुण्यांना बोलाव."

शास्त्रशुद्ध तपासणी म्हणजे असं ठरलं की एकाने टॉर्च घेऊन डिकीत बसायचं, दार बंद करायचं आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी मारायचं. नळी अर्थातच भाऊजींकडे. डिकीत बसायला ताई, कारण भाऊजींच्या मते ती 'मावते'. मी पोचलो तेव्हा माझी सख्खी बहीण गुडघे हनुवटीला लावून, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून डिकीत बसली होती आणि भाऊजी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून खालच्या कडेवर पाणी मारत होते.

"काही येतंय?"

"नाही!" आतून आवाज आला. "वर मारा!"

"वर नंतर. आधी खालचं संपवू."

खालचं संपवायला त्यांनी एवढा वेळ लावला की अंगणात चिखल झाला. शेवटी मीच त्यांचा हात धरून नळी वर केली. लगेच आतून किंकाळी आली.

"येतंय! वरून! उजव्या कोपऱ्यातून!"

भाऊजींनी नळी खाली केली, काचेला तोंड लावलं आणि मोठ्याने, अगदी ऑफिसच्या आवाजात, विचारलं, "नक्की वरून की तुला वरून वाटतंय?"

"अहो, माझ्या मानेवर पडतंय!"

"मानेवर पडतंय म्हणजे मानेच्या उंचीवरून येतंय. मान मध्यावर असते. म्हणजे वरून नव्हे."

"मी टॉर्च लावून बघतेय! धार आहे धार!"

"धार आणि ओघळ यांत फरक असतो," भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले. "तक्रारदार घाबरलेला असतो. त्याला ओघळसुद्धा धार दिसते."

मी म्हटलं, "भाऊजी, ताई बाहेर येऊ दे, मी बसतो." ताई बाहेर आली. पदर पिळत ती पायरीवर बसली. मी आत गेलो, दार लागलं, पाणी सुरू झालं, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातून पहिला गार फवारा माझ्या कानात शिरला.

"वरून!" मी ओरडलो. "उजवीकडून! रबर पत्रा सोडून वर उचललंय, इथून उजेड दिसतोय!"

बाहेरून भाऊजींचा आवाज आला, अतिशय समजूतदार. "मेहुणे, तुम्ही तिचे भाऊ आहात."

"मग?"

"एकाच घरातल्या दोन तक्रारी आम्ही एकच धरायचो."

मी बाहेर आलो तेव्हा ताई पायरीवरून उठली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा कापडाचा तुकडा वाया गेला की तो किती वाया गेला ते बघताना तिचा जसा चेहरा होतो तसा होता. तिने भाऊजींच्या हातातली नळी काढून घेतली.

"आता तुम्ही बसा."

"मी?"

"तुमची नजर आहे ना? मग आत बसून बघा."

भाऊजींना नजरेचा मान राखणं भाग होतं. ते आत शिरले. शिरले म्हणजे आम्ही दोघांनी त्यांना घातलं. आधी डोकं, मग हात, मग पोट राहिलं, मग पोट वळवून घेतलं. पाडलेल्या सीटवरून पुढे सरकून बाहेर पडायची वाट होती, पण ती भाऊजींच्या मापाची नव्हती. मागचं दार आतून उघडत नाही. ताईने ते अलगद लावलं, खटका वाजल्याची खात्री केली आणि नळी वरच्या उजव्या कोपऱ्यावर धरली. एकदम स्थिर हाताने. शिलाई मारताना असतो तसा.

"अगं! अगं! आलं!"

"काय आलं?" ताईने विचारलं.

"पाणी!"

"नक्की पाणी की तुम्हाला पाणी वाटतंय?"

"अगं वरून येतंय! तोंडावर येतंय!"

"तोंड मध्यावर असतं," ताई म्हणाली. "नीट बघून सांगा."

"वरून! उजव्या कोपऱ्यातून! बंद कर!"

"आधी हे संपवू."

मी पायरीवर बसून पोट धरून हसत होतो. आतून गाडी हलत होती, काचेवर पांढऱ्या सिलिकॉनमागे भाऊजींचा तळवा आपटत होता आणि गळती विभागाचा उभ्या आयुष्यात कुणावर विश्वास न ठेवलेला माणूस जिवाच्या आकांताने तक्रार नोंदवत होता. ताईने त्यांना सगळं विचारलं. धार की ओघळ? कधीपासून? शेजाऱ्यांनाही दिसतंय का? मग नळ बंद करून दार उघडलं.

भाऊजी उतरले. चष्म्यातून पाणी ठिबकत होतं. त्यांनी तो पुसला, घातला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि आम्हा दोघांना काही नवीन सांगावं तसं म्हणाले, "रबर आखडलंय. वरच्या उजव्या कोपऱ्यात. मला आधीपासून संशय होता."

ताईने फक्त टॉवेल दिला.

दुसऱ्या दिवशी ताई आणि भाऊजी काचवाल्याकडे गेले. हा माणूस दुकानात एका फुटक्या काचेमागे बसतो, ती काही त्याने अजून बदललेली नाही. म्हणाला, हा आठवडा भरलाय, पुढच्या सोमवारी गाडी सोडा. ताई म्हणाली, शनिवारी सकाळी पडदा पोचवायचाय. तो म्हणाला, मग रबर घेऊन जा, स्वतः बसवा, दोन माणसं लागतात. आणि कसं बसवायचं ते त्याने सांगितलं. काचेला रबर आधी चढवायचं, पत्र्याकडच्या खाचेत सगळीकडून दोरी भरायची, दोरीची दोन्ही टोकं आत सोडायची. एकाने काच बाहेरून चौकटीवर दाबून धरायची, दुसऱ्याने आत बसून दोरी ओढायची. दोरी निघत जाते तसतशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावर चढत जाते. हे चालू असताना भाऊजी त्याला काच कशी बनते ते समजावून सांगत होते, त्यामुळे ऐकलं ते ताईने.

त्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली. गळती दुरुस्त करणं सोपं असतं, इलाज दुरुस्त करणं अवघड. जुनं रबर सुरीने कापल्यावर काच सरळ हातात आली. त्याखाली पत्र्याला धरलेला गंज मी कानशीने घासून काढला, लाल रंग लावून वाळवला. पण भाऊजींचं सिलिकॉन! ते खरवडता खरवडता माझी नखं गेली, सुरीची धार गेली आणि भाऊजींबद्दल उरलासुरला आदर होता तोही गेला. भोकांतलं सिलिकॉन ताईने तिच्या टोच्याने उकरून काढलं. एक भोक उघडलं तसं स्टेपनीखालचं पाणी सुर्रकन रस्त्यावर गेलं. भाऊजी लांबून बघत होते. "हवा खेळती राहील," ते म्हणाले.

काचेवर चोपडलेलं मात्र पूर्ण निघालं नाही. काच हाताने उजेडाकडे धरली तर धुक्यातून बघितल्यासारखं दिसायचं. राहू दे, ताई म्हणाली, पाणी थांबलं तरी पुरे.

शुक्रवारी दुपारी काच बसवायची ठरली. वर ढग दाटून आले होते आणि आत पडद्याची गुंडाळी पलंगावर जुन्या चादरीत बांधून तयार होती. ताईने रबरात दोरी भरली, साबणाचं पाणी लावलं, आणि काचेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाऊजी, असं करून आम्ही ती चौकटीवर टेकवली. ताई आत.

आता भाऊजींनी बाहेरून सूचना द्यायच्या आणि ताईने आतून ऐकायच्या, असा आजवरचा रिवाज. भाऊजींनी तोंड उघडलंही होतं. पण बाहेरून काही दिसत नव्हतं. रबराची कड चढली की नाही ते फक्त आतल्याला दिसतं, बाहेरच्याच्या हाताखाली नुसतं काळं रबर असतं. भाऊजींनी अंदाजाने मधोमध जोरात दाबलं. काच करकरली.

"तिथे नको!" ताई ओरडली. "फुटेल!"

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. ही काच गेली असती तर शनिवार गेला असता, शनिवार गेला असता तर शाळा गेली असती. भाऊजींच्या कपाळावर घाम होता. खात्यात त्यांच्या हाताखाली कधी फुटण्यासारखं काही आलंच नव्हतं. जे यायचं ते आधीच फुटलेलं असायचं.

"मग कुठे?" भाऊजींनी विचारलं.

माझ्या माहितीत हा प्रश्न त्यांनी कुणाला पहिल्यांदाच विचारला असेल.

"खाली. डावीकडे. माझ्या बोटासमोर. हात पसरून, ठोसा नको, थोपटा."

भाऊजींनी थोपटलं. ताईने दोरी ओढली. रबर सुळकन चढलं.

"आता वर सरका. अजून. थांबा. थोपटा."

ते सरकले, थांबले, थोपटलं. आतून ताई सांगत गेली आणि बाहेरून ते मोठे जाडजूड हात तिच्या बोटामागून काचेभोवती फिरत गेले. उजव्या वरच्या कोपऱ्यात रबर अडलं. भाऊजी काही म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "सांग."

"वरून खाली ढकला. आता!"

दोरी निघाली, तिचं टोक ताईच्या हातात लोंबलं आणि काच चौकटीत बसली. कसलाही आवाज न होता. नळीने पाणी मारलं. ताई आत टॉर्च घेऊन बसली होती. भाऊजींनी वरून पाणी मारलं, कुणी न सांगता.

"कोरडं आहे," ताई म्हणाली.

भाऊजी नळी धरून उभे राहिले. दार उघडून आत डोकं घालतील, बोट फिरवतील, 'तुला तसं वाटतंय' म्हणतील, असं वाटलं. त्यांनी नळ बंद केला.

शनिवारी सकाळी पाऊस नुसता कोसळत होता. शाळेत पोचलो, चादर सोडली, पडदा उलगडला. मखमल मांजरीच्या पाठीसारखी होती. मुख्याध्यापिका बाईंनी दोन्ही बाजूंनी तिच्यावर हात फिरवला, उजेडात धरून बघितली, झालर मोजली. पडदा टांगला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. मग ताईला म्हणाल्या, "बाकीच्या सभागृहांची मापं घ्यायला कधी येता?"

तोवर भाऊजींनी शाळेच्या शिपायाला कोपऱ्यात गाठलं होतं. "वरचा उजवा कोपरा," ते सांगत होते. "खालचा ओला दिसतो, तिथेच माणूस फसतो. मी पहिल्या नजरेत ओळखलं." शिपाई मान डोलवत होता. ताईला ऐकू जात होतं. तिने मापाची टेप गुंडाळली आणि ऐकून घेतलं. इतकी वर्षं फुकट ऐकलं होतं, आज निदान पडदा कोरडा होता.

बाहेर आलो. शाळेच्या फाटकातून गाडी मागे घ्यायची होती. एका बाजूला दगडी खांब, दुसऱ्या बाजूला गटार, आणि मागची काच भाऊजींच्या स्वतःच्या सिलिकॉनने अजून आंधळी. ताई छत्री घेऊन गाडीमागे जाऊन उभी राहिली.

"येऊ द्या," ती म्हणाली. "येऊ द्या… अजून… थोडं डावीकडे… येऊ द्या…"

भाऊजी चष्मा कपाळावर चढवून, आरशात बघत, गाडी मागे घेत होते. आरशात पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं.

"थांबा!"

भाऊजींनी ब्रेक दाबला. मागून लाट आली नाही.